सोफ्याखालची पिन

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा एक जुना रिमोट आहे. दोन नंबरचा. माझ्या पाठीवर तसा आकडाच छापलेला असल्यामुळे मोठेपणा सांगायची सोय नाही. एक नंबर आणि मी एकाच खोक्यातून या घरात आलो. जितकी बटणं त्याला, तितकीच मला. फरक एवढाच, की त्याची वायर यंत्रात खोचली गेली आणि माझी सोफ्याखाली सरकवली गेली.

हे काम दादाचं. घरात दादा आणि त्याची धाकटी बहीण बारकी अशी दोन मुलं होती. बारकीला खेळायचं होतं आणि दादाला तिला खेळू द्यायचं नव्हतं. आईने निकाल दिला, की दोघं मिळून खेळणार नसाल तर यंत्र कपाटात जाईल. मग दादाने डोकं चालवलं. मला बारकीच्या हातात दिलं, माझी पिन पायाने सोफ्याखाली ढकलली आणि तिला सांगितलं, "तू काजवा."

त्यांचा लाडका गेम म्हणजे 'कंदीलवाला'. त्याचे तीन भाग होते, तीन कॅसेट. एक बुटका माणूस कंदील घेऊन गुहांमधून हिंडतो आणि एक काजवा त्याच्या सोबत असतो. बारकीला वाचता येत असल्यामुळे दादाला दर वेळी 'दोन खेळाडू' हेच निवडावं लागे. पण दुसरा रिमोट गप्प असला, की काजवा आपला आपण कंदीलवाल्याच्या मागे उडत राही. बारकी बटणं दाबायची, काजवा उडायचा. कधी तिने उजवीकडचं बटण दाबलं आणि तो उजवीकडेच गेला, तर ती आईला हाक मारून दाखवायची. आईही कौतुकाने म्हणायची, "छान उडवतेस गं." अशा वेळी मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. पुढे टीव्हीवरच्या बातम्या ऐकून कळलं, की अशी बटणं दाबणारी मोठी माणसंही पुष्कळ असतात आणि त्यांना हारही घालतात. मग जरा बरं वाटलं.

पण खरं सांगू का, मनात एक हुरहुर कायमची होती. एक नंबरचं बटण दाबलं, की कंदीलवाला उडी मारायचा. माझं दाबलं, की टक् असा आवाज व्हायचा, बस. एकदा तरी माझ्यामुळे पडद्यावर काही हलावं, एवढंच मला हवं होतं.

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या गुहेत एक दगडी दार होतं. त्याचा दांडा इतका उंच, की तिथे फक्त काजवाच पोचेल. तो दांड्यावर बसून राहील तेवढा वेळ दार उघडं. भिंतीवर तसं चित्रही काढलेलं होतं. दादाने ते चित्र नीट पाहिलं, कॅसेट बाहेर काढली, तिच्यात फुंकर मारली आणि परत बसवली. दार उघडेना. तो दुकानदाराशी भांडून कॅसेट बदलून घेऊन आला. तीही तशीच निघाली. शेवटी सगळा कारखानाच खराब आहे असं त्याचं मत झालं. आपलं काम बारकीवाचून अडलं असेल, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. बारकी मात्र त्या दारापाशी आली, की बटणं दाबायची थांबे आणि नुसती दादाकडे बघत बसे.

मग दादा परगावी शिकायला गेला, तिथेच विमा कंपनीत लागला आणि आम्ही माळ्यावर गेलो. बारकी दातांची डॉक्टर झाली. तिने घरं बदलली, पण आमचा डबा टाकला नाही. दादाचा फोन आला, की खालून तिचा आवाज ऐकू येई. "काय म्हणतोस?" "नाही, विशेष काही नाही." एवढ्यावरच बोलणं आटपे.

खूप वर्षांनी कंदीलवाल्याचा चौथा भाग निघाला. दादाने तो हौसेने आणला. पण नव्या कंदीलवाल्याला दाढी आली होती आणि तो सारखा बोलत होता. दादाचं मन लागेना. एका रविवारी तो बारकीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तो डबा आहे का गं अजून?"

"आहे. तुझा खराब गेमपण आहे."

आमच्या वायरी लागतील असा जुना टीव्ही तिच्या दवाखान्यातच होता. रविवारचा दवाखाना बंद. पेशंटच्या बाकावर दोघं बसली. बारकीने मला मांडीवर घेतलं आणि माझी पिन सवयीने बाकाखाली पडली. सगळ्या गुहा दादाच्या अंगठ्यांना अजून पाठ होत्या. दुपार कलेपर्यंत तो दगडी दारापाशी पोचलाही.

"बघ, अजून खराबच आहे," तो म्हणाला.

"हो का," बारकी म्हणाली आणि मला बाकावर ठेवून चहाचे कप विसळायला गेली.

दादाने मला सहज उचललं. माझ्या बटणांवरची अक्षरं बारकीच्या अंगठ्यांनी पार पुसून टाकली होती. मग वायर चाचपत त्याचा हात पिनेपर्यंत गेला. पिन कोरी करकरीत होती. तो एकदा बटणांकडे बघे, एकदा पिनेकडे. बारकी परत आली तरी त्याचं बघणं चालूच होतं.

"बारके, तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या भागापासून. केर काढताना पिन हातात आली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? म्हणाला असतास, कळलंय ना, मग ऊठ इथून."

रोज लोकांचे दावे नाकारणाऱ्या दादाला हा दावा काही नाकारता आला नाही. त्याने पडद्याकडे बोट दाखवलं.

"आणि हे दार?"

"इथे वाट बघायचे मी. वाटायचं, आज तरी म्हणशील, बारके, तुझी वायर लाव."

दादा उठला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझी पिन यंत्रात खोचली. मित्रांनो, काजवा जागच्या जागी थांबला. बारकीने बटण दाबलं आणि तो जाऊन भिंतीवर आपटला. तो माझ्यामुळे आपटला.

दिवसभर लोकांच्या दातांत बारीक सुया घालणारा तो हात, पण काजवा काही केल्या दांड्यावर बसेना. दादाचा हात मला काढून घ्यायला पुढे आला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि मुकाट्याने परत गेला. अखेर काजवा बसला. दार वर गेलं. दादा जुन्या सवयीने सुसाट आत पळाला, बारकीचा अंगठा सुटला आणि दार खाली आलं.

"दादा, मी मागे राहिले."

दाराच्या आत कंदीलवाल्यासाठी एक साखळी होती. दादा मागे फिरला आणि साखळीला लोंबकळून राहिला. दार पुन्हा उघडलं. काजवा भिंतींवर आपटत, वाट चुकत, फार सावकाश आत आला. तोवर दादा 'लवकर' असं एकदाही म्हणाला नाही.

निघताना तो मला गुंडाळायला लागला, तेव्हा बारकी म्हणाली, "असू दे. वायर काढू नकोस."

तेव्हापासून मी दवाखान्यातल्या टीव्हीखाली बसून असतो. माझी बटणं थकली आहेत, त्यातलं एक अडकतंही. दाराची घंटा वाजली, की दादा आला असं वाटतं. बहुतेक वेळा दाढ दुखणारं कुणीतरी असतं.

मित्रांनो, आम्हा रिमोटना धुळीपासून जपा, वायरी ओढू नका, हे तर आहेच. पण तुमच्या शेजारी बसून कुणी मन लावून बटणं दाबत असेल, तर एकदा खाली वाकून सोफ्याखाली बघा.