पन्नीचं तळं

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सूचना सांगायचं काम मी मागून घेतलं. पावसाळ्यात विजेच्या, उन्हाळ्यात उन्हाच्या. वर्गात सांगायचो तसं प्रत्येक वाक्य दोनदा.

पौषात तांड्याच्या वाटेवर नवं शेततळं झालं. आतून सगळी काळी प्लास्टिकची पन्नी. मी भोंग्यावर सांगितलं, पन्नीवर पाय ठरत नाही, आत पडलेल्याला वर येता येत नाही, लेकरांना जाऊ देऊ नका. रजिस्टरात तारीख टाकली.

तांडा तेव्हा रिकामा होता. दिवाळीनंतर सगळे ऊसतोडीला जातात, घरांना कुलपं असतात. हे मला ठाऊक होतं.

चैत्रात मंगरूळपीरच्या बाजूनं तांड्याची माणसं घेऊन ट्रक आला. प्रेमसिंगची नऊ वर्षांची मंजू संध्याकाळी माझ्या ओट्यावर हजर.

"काय शिकलीस तिकडं?"

"मोळी बांधायले. तुमाले येते का, गुर्जी?"

"नाही बा."

"मंग मी शिकवीन. पन छडी मायाच हातात राहीन."

खूप हसलो. तिला सतराचा पाढा पाठ करायला दिला. तळ्याचं सांगितलं नाही. माझ्या लेखी ते सांगून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ती बकरी पाण्यावर घेऊन गेली. बकरी परत आली. तळ्याच्या काठावर मंजूच्या चपला होत्या, आणि पन्नीवर खालून वर ओढलेले बोटांचे ओरखडे.

चौकशीला साहेब येणार होते. सरपंच रामराव मला घेऊन प्रेमसिंगच्या दारात गेले.

"गुर्जीनं सूचना देल्ली व्हती. रजिस्टरात तारीख हाय. पंचायतीची काही चूक नाही."

मंजूची आई रुपाबाई पुढं आली.

"कवा सांगतलं, गुर्जी?"

"पौषात."

"पौषात आमी फडात व्हतो. कोनाले सांगतलं मंग? कुलपाले?"

रामरावांनी माझा हात दाबला. मी सोडवून घेतला.

"तांड्याले नाही सांगतलं, रुपाबाई. मंजू ओट्यावर आली व्हती. तिलेबी नाही सांगतलं."

"तुमी सांगतलं असतं त ती गेली नसती," ती म्हणाली. "मायं नाही आयके ती. तुमचं आयके."

साहेबांपुढंही मी तेच लिहून दिलं. रामराव अजून माझ्याशी बोलत नाहीत.

यंदा तळ्याला तारेचं कुंपण आहे, आत गाठी मारलेला दोर सोडला आहे. ट्रक येणार त्या दिवशी मी सकाळपासून तांड्यावर जाऊन बसलो. सामान उतरायच्या आधी लेकरांना तळ्यावर नेऊन पन्नीचा धोका समजावून सांगायचा होता. आया म्हणाल्या, थकून आली लेकरं, उद्या न्या.

रुपाबाई शेवटी उतरली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, शेजारच्या दोन पोरींचे हात धरले आणि त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं.

"आताच न्या," म्हणाली, आणि कुलूप उघडायला गेली.