सात नंबरच्या गल्लीतला चमत्कार

गोदामातली सगळी माणसं कामं टाकून सात नंबरच्या गल्लीपाशी जमली होती. या गल्लीत शिरलं की फोर्कलिफ्टवरचा संगणक मुका व्हायचा. कुठला माल कुठे ठेवायचा, काही सांगायचा नाही. आज यंत्रांचे बिघडलेले तरंग सुधारणाऱ्या तरंगबाबांनी मशीनला आपला सीलबंद तांब्याचा डबा बांधला, डोळे मिटले आणि फर्मावलं, "गल्लीला तोंड दाखवू नका. पाठीनं शिरा." मशीन रिव्हर्समध्ये आत गेलं. पडद्यावर अक्षरं झरझर उमटली आणि हमालांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांचे हात जोडले गेले.

मशीन चालवणाऱ्या बाईची मात्र मागे वळून बघताना मान अवघडली होती. त्यात बाबांनी निदानही ठोकून दिलं, की दोष तिच्या हाताला आहे, तिला उतरवा. मॅनेजरसाहेबांना ते फारच पटलं. सोमवारपासून तिनं खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या, असा कागदही निघाला. नऊ वर्षांत एकही खोकं न पाडलेल्या बाईच्या ते जिव्हारी लागलं.

"दोन फेऱ्या मारू द्या," ती म्हणाली. "मग खुशाल उतरवा."

पहिल्या फेरीला तिनं डबा सोडून साहेबांच्या हातात दिला आणि उलटी आत गेली. संगणक बोलत राहिला. दुसऱ्या फेरीला डबा बांधून सरळ शिरली. संगणक मुका. बाबा म्हणाले, अपवित्र हात लागला, तरंग रुसले.

"मग डब्याशिवाय कसे खुशीत होते?" बाईनं विचारलं. बाबांना एकाएकी दुसऱ्या भक्ताची आठवण झाली आणि ते डबा न घेताच निघाले. गोदामातल्या मिस्त्रीनं सील तोडलं. आत मूठभर वाळू होती.

मग बाईनं स्टिअरिंगपुढचा संगणक दाखवला. ऑफिसातल्या टेबलावर एका जागी बसायला बनवलेला हा संगणक साहेबांनीच हौसेनं निवडला होता. त्याला माहिती पुरवणारं वायफाय गल्लीच्या पलीकडच्या टोकाला. सरळ गेलं की मशीनचा पुढचा लोखंडी सांगाडा आणि माल मधे यायचा, उलटं गेलं की वाट मोकळी. मिस्त्रीनं शेजारच्या उभ्या मशीनवरचा दणकट संगणक काढून तिला बसवून दिला, अँटेना मशीनच्या छपरावर. बाई सरळ आत गेली, पडदा बोलत राहिला. साहेबांनी बदलीचा कागद तिच्यासमोरच फाडला.

"तुला हे कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"कळलं नव्हतं, साहेब. डबा काढून उलटी गेले, लावून सरळ गेले. तेवढं तर कुणालाही करता आलं असतं."