भर सप्त्यात बदललेला पासवर्ड

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. सतरंजीवर जागा आहे. तुम्हाला एका किल्लीची गोष्ट सांगतो. तिला ना दात, ना कडी.

मी एक जुना पासवर्ड आहे. माझं नाव कपिला१२३. आता ते मोठ्यानं सांगायला हरकत नाही, कारण मी निवृत्त झालो आहे.

माझा जन्म राजूरजवळच्या एका वाडीत, रंगनाथबुवांच्या ओसरीवर झाला. बुवा कीर्तनकार. त्यांचा शिष्य पुंजाराम त्यांची कीर्तनं मोबाईलवर टिपायचा आणि इंटरनेटवरच्या खात्यात ठेवायचा. पासवर्ड हवा म्हटल्यावर बुवांनी गोठ्यातल्या कपिलेकडे पाहिलं, आणि मी जन्मलो. बुवांचा खडा आवाज, मृदंग, टाळ, सगळं माझ्या राखणीत आलं. मला केवढा आनंद झाला होता!

पुढे बुवा देवाघरी गेले. त्यांचा आवाज तेवढा त्या खात्यात उरला. सून सविता म्हणायची, पासवर्ड फार सोपा आहे, अधूनमधून बदलायला हवा. पण बुवांच्या पत्नी गोजरबाई ऐकायच्या नाहीत. बुवांनी स्वतःच्या तोंडानं दिलेला शब्द मोडायचा कसा? पादुका जपाव्यात तसं त्यांनी मला जपलं.

मग सप्ताह आला. पुंजाराम कीर्तनाला उभा राहिला. दृष्टांत देताना म्हणाला, खातं उघडायला जसा पासवर्ड, तसं देवाचं दार उघडायला नाम. लोक डोलू लागले. त्या भरात, बुवांची गाईवरची माया सांगता सांगता त्यानं माझं नावच सांगून टाकलं. एक-दोन-तीन सकट. भोंग्यावरून.

मंडपात हसू फुटलं. दोन-चार हात खिशातल्या मोबाईलकडे गेले. कुणी गमतीनं खात्यात शिरलं आणि चुकून भलतीकडे बोट पडलं, तर बुवांचा आवाज कायमचा पुसला गेला असता. सविता घाबरून सासूकडे पाहत राहिली. विचारायचं धाडस होईना.

तेवढ्यात वीणेचा पहारा बदलला. एका वीणेकऱ्यानं गळ्यातली वीणा अलगद दुसऱ्याच्या गळ्यात घातली. गोजरबाई ते बघत होत्या.

“सविता, वीणेकरी बदलला म्हून वीणा खाली ठेवत्यात व्हय? बदल तू.”

सवितानं मोबाईल काढला आणि पुंजारामाला खूण केली. चूक त्याच्या ध्यानात आली. पण गडी हजरजबाबी.

“दोन्ही हात वर घ्या समदे. जो खाली घेईल त्याला काल्याचा प्रसाद न्हाई.”

सगळा मंडप हात उंचावून टाळ्या वाजवू लागला. नामाचा गजर आभाळाला भिडला. हात वर असलेला माणूस मोबाईल चालवणार कसा? एकटी सविता तेवढी मान खाली घालून बोटं चालवत होती. त्या गजरातच माझी जागा नव्या पासवर्डनं घेतली. असा निरोप कुणाला मिळतो, सांगा बरं?

कीर्तन संपल्यावर सविता म्हणाली, “भाऊजी, नवा शब्द काही तुम्हाला सांगायची न्हाई.”

“नका सांगू वहिनी,” पुंजाराम म्हणाला. “माईक दिसला की माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

तेव्हापासून दर सप्त्याला वीणापूजनाआधी गोजरबाई स्वतःच सुनेला पासवर्ड बदलायची आठवण करून देतात. मित्रांनो, तुम्हीही आपला पासवर्ड जपा, वेळेवर बदला. आणि तो फुटला तर मुहूर्त बघत बसू नका.

आणखी एक मागणं आहे. कधी रंगनाथबुवांचं कीर्तन ऐकलंत, तर गोजरबाईंची आठवण काढा. नवऱ्याचा शब्द त्यांनी भर मंडपात सोडला, म्हणून त्याचा आवाज तुमच्या कानी पडतो आहे.