सुई बदलून पाहिली

पहिली पाळी तीनला सुटायची. कंपनीच्या बसने बोईसर स्टेशन, तिथे लावलेली स्कूटर आणि चार-सव्वाचारला वाणगावच्या पुढचं चिकूच्या वाडीतलं घर. शैलेश चुरी सव्वीस वर्षं याच रस्त्याने दमून घरी येत होता. औषधांच्या एका कारखान्यात तो कॉम्प्रेसर हाउस सांभाळायचा. तिथे तीन मोठी यंत्रं अखंड घरघरत असत आणि माणसं एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलत.

घरी आला की आंघोळ, चहा आणि मग मागच्या खोलीत एक रेकॉर्ड. एकच, पण दोन्ही बाजू. पंधरा वर्षांपूर्वी डहाणूच्या एका इराणी बागायतदाराने बंगला रिकामा केला, तेव्हा त्याने तिथून टर्नटेबल आणि दोनेकशे रेकॉर्डी आणल्या होत्या. त्याआधी गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आताही मला त्यातलं फार कळतं, असं तो कधी म्हणत नसे. अँप्लिफायर नवापूरच्या देवूने बांधून दिला होता. देवूचं घर मासेमारी करणारं, पण बोटीवर त्याच्या पोटात ढवळायचं, म्हणून तो रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत शिरला. स्पीकरची खोकी गावच्या सुताराने केली. एवढं सगळं जमायला दोन वर्षं लागली होती.

शैलेशला सगळ्यात आवडायचा तो सुरुवातीचा तंबोरा. गाणारा अजून गप्प आहे आणि मागे नुसता तंबोरा चाललाय, ते थोडे क्षण. तारेखाली दोरा सरकवून तिच्या आवाजाला जी बारीक झणझण आणतात, तिला जवारी म्हणतात. ती ऐकली की कॉम्प्रेसरची घरघर डोक्यातून उतरायची.

या दिवाळीनंतर ती जवारी ऐकू येईनाशी झाली. भीमपलासची रेकॉर्ड त्याने शंभर वेळा तरी ऐकली असेल, पण आता तिच्यातला तंबोरा उशीखाली ठेवलेल्या रेडिओसारखा वाजत होता. गाणाऱ्या बाईंचा आवाज होता, पण त्यांनी वरचा सूर लावला की तो कुठेतरी अर्ध्यावर राहायचा.

त्याला वाटलं, सुई झिजली. मुंबईहून नवी सुई मागवली, बसवली. फरक नाही. मग त्याने एकेक रेकॉर्ड पाण्याने पुसून काढली. वायरी बदलल्या. खोकी भिंतीपासून पुढे ओढली, परत मागे ढकलली. हे सगळं पाळीवरून आल्यावर, डोळे मिटत असताना. एकदा तर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच तो खुर्चीत झोपून गेला. त्याची बायको स्नेहल अंगणवाडीतून आली, तिने तो हळूच काढून घेतला तेव्हा तो दचकून उठला.

"अहो, तुम्ही ऐकायला बसता की दुरुस्त करायला?"

"बिघडलंय काहीतरी."

"मला तर पहिल्यासारखंच वाजतंय."

ही कधी बसून ऐकत नाही, हिला काय कळणार, असं त्याच्या मनात आलं.

सुट्टीच्या दिवशी त्याने देवूला बोलावलं. देवूने दुपारभर बसून अँप्लिफायर उघडला, प्रत्येक भाग तपासला. मग स्पीकरची पुढची जाळी काढली. आत वरच्या बाजूला बारीक आवाज काढणारा लहान भोंगा असतो, ट्वीटर. शैलेशचा संशय आता त्याच्यावर होता.

"दोन्ही ट्वीटर गेलेत," शैलेश म्हणाला. "आपण बदलूनच टाकू."

"दोनी एकदम कशे जातील, दादा? थांबा, बगू." देवूने आपला फोन अँप्लिफायरला जोडला. "यातून शिटी सोडतो. हलूहलू बारीक करत नेनार. जाते कुठं ती बगू या."

शैलेश त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसला. खोलीत एक जाड सूर भरला. तो चढत गेला, पातळ होत गेला आणि मग संपला.

"बघ, गेला," शैलेश म्हणाला. "इथेच गेला ना? म्हणजे ट्वीटरच."

देवू फोनकडे बघत राहिला. पडद्यावरचा आकडा अजून वर सरकत होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून स्नेहल दारात आली, दोन्ही हात पिठाचे.

"ती शिट्टी बंद करा ना जरा. कानात घुसतेय नुसती."

देवूने फोन बंद केला. शैलेशने स्नेहलकडे पाहिलं, मग स्पीकरकडे.

"वाजत होती?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? तुम्हीच लावलीत ना?"

देवू जाळी परत बसवायला लागला. चारही स्क्रू त्याने गरजेपेक्षा सावकाश आवळले. "मशीन चांगलं हाय, दादा," एवढंच तो म्हणाला. "कायपन बदलू नका." चहा घेतला आणि गेला.

त्या संध्याकाळी शैलेशने कपाटातली जुनी फाईल काढली. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. एका बंद पेटीत बसवून कानाला हेडफोन लावत, आवाज आला की बटण दाबायचं. त्याची तपासणी नेहमी पाळी सुटल्यावर असायची. बस चुकू नये म्हणून तो अंदाजाने बटण दाबायचा. आवाज आला असेल, असं धरून. एक, दोन, तीन, दाब. प्रत्येक कागदावर 'ठीक' लिहिलेलं होतं आणि खाली त्याची सही.

स्नेहल शेजारी येऊन बसली. "कधीपासून?" तिने विचारलं.

"माहीत नाही. मला वाटत होतं ठीक आहे." सहीवर बोट ठेवून तो म्हणाला, "माझ्याच हाताने लिहून दिलंय की ठीक आहे."

पालघरच्या कानाच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. बारीक आवाज ऐकणारी नस मरते, ती परत येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आठवडाभर वापरून बघा, म्हणून कानात घालायचं यंत्र दिलं. ते लावल्यावर ताटल्यांचा खणखणाट आणि वाडीतल्या कोकिळेचा आवाज दोन्ही सारखेच डोक्यात शिरले. तंबोरा पत्र्याचा वाटला. माणसांचं बोलणं मात्र स्पष्ट आलं. बोलणं ऐकायला वापरा, डॉक्टर म्हणाले, आणि उरलंय ते सांभाळा.

शैलेश पुन्हा कामावर गेला. पहिल्याच दिवशी त्याने खिळ्याला टांगून ठेवलेली, आवाज अडवणारी कानपट्टी काढली आणि धूळ झटकून कानावर बसवली. गेली कित्येक वर्षं घाम येतो म्हणून ती तिथेच लटकत होती. त्याच्याबरोबर अंकुश होता. मासवणच्या बाजूचा, पस्तिशीचा, ठेकेदाराचा माणूस. भात कापून झालं की तो सहा-सात महिने कंपनीत यायचा, पावसाच्या तोंडावर परत शेतावर. अंकुशच्या कानात नुसता कापूस.

चहाच्या सुट्टीत बाहेर बाकावर बसल्यावर शैलेशने विचारलं, "तुमची कानाची तपासणी होते का रे?"

"आमची कोन करतो? आमी ठेकेदारावर हाय."

"रात्री झोपताना कानात काही वाजतं?"

अंकुश जरा विचार करून म्हणाला, "रातकिडा बोलतो. पन तो बायेर हाय का कानात, ते मला नाय कललं कदी."

शैलेशने चहा तसाच ठेवला. तो उठून सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेला. ठेकेदाराच्या माणसांनाही तपासा आणि कानपट्ट्या द्या, म्हणाला. अधिकारी म्हणाले, पुढच्या वेळी बघू. दुसऱ्या दिवशी शैलेशने अर्ज लिहून नेला. आपण सगळ्या तपासण्यांत अंदाजाने बटण दाबत होतो, आपले कान गेलेले आहेत आणि पाळी सुटल्यावर दमलेल्या माणसाची तपासणी घेऊ नये, असं त्यात सरळ लिहिलं होतं. डॉक्टरांचा कागद जोडला होता.

"चुरी, हे कशाला लिहिलंत?" अधिकारी म्हणाले. "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

"म्हणूनच. माझी तीनच राहिलीत, अंकुशची कितीतरी," शैलेश म्हणाला.

महिनाभर काही झालं नाही. मग एके सकाळी सातच्या आत, पाळी सुरू व्हायच्या आधी, ठेकेदाराच्या अकरा जणांना पेटीत बसवलं. अंकुशचे कान थोडे उतरले होते, पण फार नाही. त्याला नवी कानपट्टी मिळाली. ती लावून तो शैलेशसमोर आला आणि कानातून काढलेला कापूस दाखवला.

शैलेशची मात्र कॉम्प्रेसर हाउसमधून स्टोअरला बदली झाली. तिथे गोण्या, डबे, पावत्या आणि शांतता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कामावर त्याला भिंतीवरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. दमणूक काही कमी झाली नाही. आता ती बसून बसून व्हायची.

घरी बरेच दिवस त्याने टर्नटेबलवरचं झाकण उचललं नाही. मग एका दुपारी सगळ्या रेकॉर्डी खाली काढल्या आणि वेगळ्या केल्या. बायकांचे उंच आवाज, सतार, बासरी एका बाजूला. ज्यात भरदार, खालचे सूर आहेत, त्या दुसऱ्या बाजूला. दुसरा गठ्ठा लहानच झाला. त्यात एक रेकॉर्ड निघाली, बीनची. बीन म्हणजे दोन भोपळ्यांची जुनी रुद्रवीणा. ती त्याने एकदा लावली होती आणि फार संथ म्हणून अर्ध्यावर काढून ठेवली होती.

त्याने ती लावली. जाड तारेवर एकेक सूर पडत होता आणि विरेपर्यंत दुसरा येत नव्हता. त्यातलं किती आपल्यापर्यंत पोहोचतंय आणि किती नाही, हे कळायला त्याला काही मार्ग नव्हता. पण जे येत होतं, ते पोकळ नव्हतं. त्याने खुर्चीत पाठ टेकली.

स्नेहल वालाच्या शेंगा घेऊन दारापाशी बसली आणि सोलू लागली. पाच-सात मिनिटांनी तिने विचारलं, "यात गाणं कधी सुरू होतं?"

कानातलं यंत्र त्याने काढलं नव्हतं, त्यामुळे तिचं बोलणं त्याला नीट कळलं.

"यात गाणं नाही. एवढंच आहे."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

पहिली बाजू संपली, तेव्हा तोच उठला आणि रेकॉर्ड उलटी केली.