जावईबापूंनी केलेला अपडेट

सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ सुरळीत चालत होते, तरी जावईबापूंनी आल्या आल्या प्लेअर अपडेट केला. कुणी सांगितलं नव्हतं. पण ऑफिसात दिवसभर हुकूम सोडणाऱ्या माणसाला सासुरवाडीत नुसतं बसवत नाही.

तेव्हापासून प्लेअर उघडला की एकच चौकट यायची: ‘फाईल उघडता येत नाही.’ ‘ओके’ दाबलं की चौकट जायची आणि तिच्यामागोमाग प्लेअरही.

"कॉम्प्युटरच जुना झालाय, बाबा."

"सकाळपर्यंत नव्हता," सासरे म्हणाले.

जावईबापूंनी प्लेअर काढला, पुन्हा टाकला, मशीन बंद करून सुरू केलं. चौकट काही पिच्छा सोडेना. बायको दारातून म्हणाली, "जुन्या व्हर्जनची सेटिंग्ज राहिली असतील, ती उडवून बघ."

"तुला यातलं काय कळतं?" म्हणत त्यांनी तिला वाटेला लावलं, आणि तिची पाठ वळताच गुपचूप तेच केलं. प्लेअर मुकाट्याने सुरू झाला.

मग छाती फुगवून त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि हाताला लागला तो व्हिडिओ लावला. तो नेमका त्यांच्याच लग्नाचा निघाला. पडद्यावर सासूबाई शेजारणीच्या कानाशी लागून सांगत होत्या, "मुलगा चांगला आहे हो, पण स्वतःला फार शहाणा समजतो."

बायको खिडकीबाहेर बघू लागली.

"आवाजात अजून थोडा बिघाड आहे," जावईबापू पुटपुटले.

"छे हो," सासूबाई म्हणाल्या, "अगदी स्पष्ट ऐकू येतंय."