दोन ब्रेकांची गाडी

मी एक जुनी गाडी आहे. निळी, दोन दारांची, एकोणीस वर्षांची. भंगार नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण अलीकडे माझ्या टपावर हात ठेवून लोकांनी हा शब्द फार वेळा उच्चारला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत नसेल अशी एक गोष्ट माझ्यात आहे. मला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. कारखान्यातून मी चारचौघींसारखीच निघाले होते. दुसरा ब्रेक माझ्या मालकीणबाईंनी बसवून घेतला, कारण त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

बेकरीवाला माझ्यावर शिकला, दवाखान्यातली नर्स शिकली, साठी उलटलेले एक कारकूनही शिकले. त्यांनी माझा क्लच जाळला, आरसे मोडले, गिअर असे ओढले की मला दात करकरा चावावे लागले. एकदा बेकरीवाल्याने मला थेट एका भिंतीवर नेलं. बाईंनी दुसरा ब्रेक दाबला. भिंत वीतभर उरली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "भिंत हलणार नाही. तुम्हीच वळा." परवाना मिळाल्यावर तोच बेकरीवाला येऊन माझं बॉनेट थोपटून गेला.

मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून बाईंच्या कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चाकांची खुर्ची आली. घरी आणताना मुलाने त्यांना काखेत धरलं, सुनेने पाय उचलले. माझी सीट खोल, दार अरुंद. त्यात त्यांचा पाय नेमका दुसऱ्या ब्रेकमध्ये अडकला. समोरच्या गॅलरीतून चार माणसं बघत होती.

"मी काय पोतं आहे?" एवढंच बाई म्हणाल्या. त्यानंतर चार महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

गॅरेजवाल्याने तोडगा काढला. "तो जादाचा ब्रेक काढून टाकू. पाय अडकणार नाही."

खिडकीतून बाईंचा आवाज आला, "त्याला हात लावून तर बघ."

तेव्हा सोयीची गाडी घ्यायचं ठरलं. सोयीची! म्हणजे मी गैरसोयीची. बाईंचा मुलगा मोजपट्टी घेऊन दर रविवारी गाड्यांची दुकानं पालथी घालू लागला. दाराची रुंदी, सीटची उंची, डिकीची खोली, सगळं तो वहीत लिहून घेई. डिकीत मावते का हे बघायला खुर्चीही सोबत नेई. आता यातली गंमत बघा, मित्रांनो. जी खुर्ची माझ्यात धड मावत नाही म्हणून मला काढायचं, ती तीन दुकानांत वाहून नेली कोणी? मीच नेली, मागच्या सीटवर आडवी घालून.

तिसऱ्या रविवारी परत आलो तेव्हा बाई पलंगावर फणफणत होत्या. "माझी खुर्ची गावभर फिरते आणि मी इथे. चांगलं आहे."

नात म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळं मोजलंत. आजीला कुठे विचारलंत?"

मुलाने वही मिटली. पुढच्या रविवारी बाई निघाल्या. "मला उचलायचं ते हे शेवटचंच," त्यांनी बजावलं, "आणि पाय मी आत घेणार."

दुकानाच्या काचेबाहेर मला उभं केलं होतं. काच सरकवलेली होती, म्हणून मी सगळं ऐकलं. विक्रेता बाईंच्या डोक्यावरून मुलाला विचारत होता, "आजींना उंच सीट चालेल ना?"

"आजीला विचारा," बाई म्हणाल्या. "त्या इथेच आहेत."

पहिली गाडी माझ्याइतकीच खोल होती. दुसरी बघून त्या म्हणाल्या, "ही गाडी आहे की माळा?" तिसरी, पांढरी, चांगली रुंद दाराची. तिची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीची. विक्रेता आधार द्यायला वाकला.

"हात खिशात ठेवा," बाईंनी सांगितलं.

त्यांनी दाराच्या वरची कडी धरली आणि कडेने सरकू लागल्या. मी खोटं बोलणार नाही, मित्रांनो. त्यांना जमू नये असं मला वाटत होतं. त्या मध्येच थांबल्या, दम घेतला, पुन्हा सरकल्या. एक पाय आत गेला. मग दुसरा, कुठेही न अडकता. बसल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? आरसा आपल्याकडे वळवला. चार महिन्यांनी बाई पुन्हा बाईंसारख्या दिसल्या. त्या पांढरीला मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या तिथेच मागे घेतल्या.

पण सगळ्या नाही. विक्रेता मुलाला म्हणाला, "जुनी आम्हीच ठेवून घेतो. नाहीतरी भंगारातच जाईल."

"भंगार म्हणण्याआधी चालवून बघा," बाई म्हणाल्या. "त्या खांबापर्यंत."

तो हसत आला, ऐटीत बसला, आणि मी बंद पडले. तीनदा. क्लच कसा सोडावा हे त्याला कळत नव्हतं आणि शिकवायची मला घाई नव्हती.

बाईंची खुर्ची माझ्या खिडकीशी आली. "लाजू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं. पाय हळू उचला. अजून हळू." त्यांच्या आवाजापुढे मी कधी हट्ट केला नाही. मी खांबापर्यंत गेले, एकही आचका न देता.

"ही विकणार नाही, नुसती ठेवूनही देणार नाही," बाई मुलाला म्हणाल्या. त्यांची एक विद्यार्थिनी आता स्वतःच गाडी शिकवते. बाईंनी तिथूनच तिला फोन लावला. ती कधीपासून दुसऱ्या ब्रेकची गाडी शोधत होती. तिच्या दृष्टीने माझ्याइतकी सोयीची गाडी अख्ख्या गावात नव्हती. आता मी तिच्याकडेच असते.

मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या उपयोगाची राहिली नाही तर खुशाल तिला निरोप द्या, पण नावं ठेवू नका. तोवर टायरात हवा भरा, तेल वेळेवर बदला, आणि जिथे तिचं काम अजून शिल्लक आहे अशा घरी ती पोचवा. आणि कुणा माणसाची सोय करायला निघालात, तर मोजपट्टी काढण्याआधी त्यालाच विचारा.

बाकी गोष्टी पुन्हा कधी विचाराल तर सांगेन. आता जरा रस्त्यातून बाजूला व्हा. गाडी शिकायला आलेल्या शाळेतल्या एक शिक्षिका आज पहिल्यांदाच क्लच सोडणार आहेत, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले आहेत.