घरातली कुजबुज

थेरपिस्ट बाईंनी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवली. "फुंकायचं, आणि फुंकताना ऊ म्हणायचं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत."

माझे बुडबुडे मध्येच मरत होते. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा एक स्वरतंतू हलेनासा झाला होता. दुसरा बिचारा एकटाच धडपडायचा आणि सगळा वारा मधल्या फटीतून निसटून जायचा.

"घरी कशा बोलता?"

"कुजबुजत," मी कुजबुजले.

त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. "ते आजपासून बंद. त्यानं गळ्याला विश्रांती मिळते असं वाटतं, पण तुमचा गळा उलट आवळतोय. जसा येईल तसा आवाज काढा. घोगरा, फाटका, कसाही. पण आवाज."

मी मान हलवली. त्यांना काय सांगणार? हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा मी लेकीला हाक मारली होती, "ढब्बू!" आणि तोंडातून पत्रा फरशीवरून ओढल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं होतं. अडीच वर्षांची पोर. ती सासूबाईंच्या मागे लपली आणि मला बघून रडायला लागली. मग मी कुजबुजले. तेव्हा कुठे ती हळूहळू मांडीवर आली. त्या दिवसापासून मी तिच्याशी दुसऱ्या आवाजात बोललेच नाही.

आणि समोरचा कुजबुजला की आपलाही आवाज खाली येतोच. नवरा चहासुद्धा कुजबुजत मागायचा आणि स्वतःच हसायचा, "आपल्याच घरात आपण चोर." सासूबाई म्हणायच्या, "अगं, कुकरची शिट्टी झाली तरी मला मेलं ओशाळल्यासारखं होतं." ढब्बूही आताशा कुजबुजतच बोलायची. शेजारीण कौतुक करायची, "तुमच्याकडे लहान मूल आहे हे कळतसुद्धा नाही हो!" मला ते ऐकून बरं वाटायचं.

दवाखान्यातून परत आले. आमच्या बिल्डिंगखाली पोचल्यावर सवयीनं वर पाहिलं. येता-जाता मी नेहमीच बघते. मला त्याशिवाय चैन पडत नाही.

दुसऱ्या मजल्यावर आमच्या बाल्कनीत ढब्बू उभी होती. कपड्यांचा टब पालथा घालून त्यावर चढलेली. पोट कठड्यावर. मागचं दार वाऱ्यानं लागलेलं. मला बघून तिनं दोन्ही हात खाली पसरले. तोंड उघडझाप करत होतं.

मी ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. नुसता वारा गेला.

शेजारून एक माणूस चालला होता. मी त्याची बाही धरली, "वर बघा, माझी मुलगी." त्यानं वर पाहिलंच नाही. तो वाकला, माझ्या तोंडाजवळ कान आणला आणि अगदी हळू, गुपित विचारावं तसं विचारलं, "काय म्हणालात?"

मी त्याला सोडलं आणि जिन्याकडे पळाले. त्या जिन्यात मला काय काय दिसलं ते लिहीत नाही. माझ्याकडच्या किल्लीनं लॅच उघडून आत धावले.

सासूबाई बाल्कनीच्या दाराला पाठ करून सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात लांब केला असता तर दाराला लागला असता.

मी ढब्बूला कमरेला धरून आत ओढलं. तिचे पाय फरशीनं भाजून लाल झाले होते. माझ्या कानाशी ती तक्रार करत होती, "आजी दार उघड म्हटलं. आजी दार उघड म्हटलं. आजी उघडतच नाही." सगळं श्वासानं. गळ्यातून काहीच नाही.

सासूबाईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. "अगं, मी इथंच होते. इथंच बसले होते. तिनं हाकच नाही मारली गं."

"मारली," मी म्हटलं.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सगळं सांगितलं, आजपासून घरात कुजबुज बंद हेही. मग म्हणाला, "आज राहू दे. आज ती तशीही घाबरलेली आहे. तुझा तो आवाज उद्या काढ."

"उद्या तू पुन्हा हेच म्हणशील."

मी ढब्बूला समोर बसवलं. ग्लासात दोन स्ट्रॉ टाकल्या. मी फुंकलं, तिनं फुंकलं. तिचे बुडबुडे माझ्यापेक्षा चांगले होते. ती खुदखुदली, पण हसण्यालाही आवाज नव्हता.

"ऊ म्हण," नवऱ्यानं सांगितलं. तिनं श्वासानंच ऊ म्हटलं.

मग मी पोटावर हात ठेवला, बाईंनी शिकवल्यासारखा श्वास भरला आणि तोंड उघडलं.

"ढब्बू."

तो पत्राच होता. मधोमध फाटलेला. तिचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"ढब्बू. मी आई."

तिनं ग्लासाला लाथ मारली, धावत जाऊन सासूबाईंच्या पोटात शिरली आणि किंचाळली, "नको! ही आई नको! ही नको!"

खणखणीत. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

सासूबाईंनी तिला घट्ट धरलं. त्यांना हसावं की रडावं कळेना. "बोलली गं," त्या मला कुजबुजल्या. "बघ ना, किती मोठ्यानं बोलली."

"तुम्हीही मोठ्यानं बोला, आई," मी त्याच आवाजात म्हणाले.

ढब्बूनं कानांवर हात ठेवले आणि ती आणखी जोरात रडायला लागली. मी फरशी पुसली, ग्लासात पुन्हा पाणी भरलं आणि तिच्या समोर जाऊन बसले.